चौतीस टक्क्यांची पऱ्हाटी

कॉलेजात कोण काम करतं अन कोण नुसतं कामाचं सोंग आणतं, हे प्राचार्याला ठाऊक नसतं, मला असतं. कारण भांडी मी धुतो. नवीन जालन्यातल्या ह्या कॉलेजात केमिस्ट्रीला लॅब असिस्टंट म्हणून मला अठ्ठावीस वर्षं झाली. नाव अण्णासाहेब, पण त्यातलं साहेब फक्त पगाराच्या कागदावर. बाकी सगळ्यांना मी अण्णा. ज्याच्या बीकरच्या बुडाला काळा डाग, तो काम करतो. ज्याचं बीकर महिना-महिना कपाटात चकचकीत, त्यानं आकडे घरी बसून पाडले, एवढं समजून घ्यायचं. असल्या चकचकीत बीकरवर डॉक्टर झालेले दोघं-तिघं आता मलाच शिस्त शिकवतात. शिकवू द्या.

अंबरीनची भांडी धुऊन मात्र माझ्या हाताची सालटी निघाली. ही फकरोद्दीनभाईची थोरली पोरगी. फकरोद्दीनभाई लाकडाच्या आरा मशीनवर कामाला. पोरगी घरी उर्दू बोलणार, लॅबमधी मराठी, अन डोकं फिरलं की दोन्हीची खिचडी. आमचे हेड डॉक्टर भारत वायाळ, त्यांच्या हाताखाली तिची पीएचडी चालू होती. विषय लिग्निन.

आता लिग्निन म्हंजे काय, हे मला वायाळ सरांनी एवढ्या वर्षांत कव्हा सांगितलं न्हाई. ह्या पोरीनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "अण्णा, झाडात कापसासारखे धागे असतात. ते धागे एकमेकांना चिकटवून ठेवणारा जो डिंक, तो लिग्निन. तो नसता तर बाभूळ पालकाच्या जुडीसारखी आडवी पडली असती." मला लय हसू आलं. बाभळीची पालकजुडी!

चार झाडं तिनं घेतली होती. पऱ्हाटी म्हंजे कापसाची काडी, तुराटी म्हंजे तुरीची, मोसंबीची छाटलेली फांदी, अन बाभळीचा भुसा, तो बापाच्या मशीनवरचा. चारींतला लिग्निन वेगळा काढायचा, मोजायचा, कुणाचा कसा हाय ते बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. काडी वाळवा, दळा, चाळा. मंग गरम अल्कोहोलमधी घालून तिचा रंग, तेल, चीक सगळा काढून टाका. बाभळीचा तर चहासारखा लाल रंग निघायचा, दोन-दोन दिवस. मंग बहात्तर टक्क्याचं सल्फ्युरिक ॲसिड. दोन घंटे काचेच्या दांडीनं ढवळत बसायचं. ॲसिड सगळं खातं, लिग्निन खात न्हाई. मंग पाणी घालून उकळायचं, काचेच्या जाळीच्या वाटीतून गाळायचं. त्या वाटीला क्रुसिबल म्हणतात. खाली जो काळा चोथा राह्यला, तो वाळवून तोलायचा. शेवटी तोच चोथा भट्टीत जाळून राख किती निघाली ते बघायचं, अन ती वजा करायची. कारण राख म्हंजे लिग्निन न्हाई, ती माती-खनिज. एका वाटीला तीन-चार दिवस सहज जायचे. अन ती वाटी मी धुवायचो. जाळीत काळं अडकलं की माझा बाप आठवायचा.

तुराटी, मोसंबी, बाभूळ, तिन्हीचे आकडे झक्कास आले. घोडं अडलं पऱ्हाटीवर. तिच्या वाटीत तेवीस टक्के लिग्निन यायचा. कव्हा बावीस पॉइंट नऊ, कव्हा तेवीस पॉइंट दोन. अन वायाळ सरांच्या छापलेल्या पेपरात होता चौतीस पॉइंट सहा.

हा पेपर अकरा वर्षांपूर्वीचा. त्याच्यावर सरांचं सगळं दुकान चाललं. दिल्लीचा प्रोजेक्ट आला, गाईडशिप मिळाली, गावोगाव शाल-श्रीफळ घेऊन 'आपल्या भागातली पऱ्हाटी जगात एक नंबर' म्हणून भाषणं ठोकली. आता त्यांच्याच सहीनं त्यांचीच विद्यार्थिनी तेवीस म्हणती म्हणल्यावर त्या चौतीसकडं लोक बोट दाखवणार. मंग सर सही कशाला करतात!

"पुन्हा कर," एवढंच म्हणायचे.

तिनं पुन्हा केलं. अकरा येळा केलं. आष्टीची पऱ्हाटी आणली, परतूरची आणली, वाण बदलून आणली, दर पिशवीवर गाव-तारीख-रान लिहिलेली चिठ्ठी. आकडा तेवीसच. विद्यापीठानं तिला दोनदा मुदत वाढवून दिल्ती. आता मार्चअखेरपर्यंत प्रबंध न्हाई गेला तर नोंदणी रद्द, पाच वर्षं मातीत. फकरोद्दीनभाईनं दोन चांगली स्थळं परत पाठवल्ती, बच्ची को पहले डॉक्टर होने दो म्हणून. गल्लीतले लोक त्याला आत्ताच 'डॉक्टर के अब्बा' म्हणून चिडवायचे. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण दुपारचा डबा ती माझ्याच टेबलावर खायची.

आता खरं काय ते सांगतो. ह्याच्यात माझीच फजिती हाय, पण सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी ती पऱ्हाटी म्या आणल्ती. गणपतीचे दिवस होते. सरांना पंधरा दिवसांत पेपर पाठवायचा होता. मला म्हणले, "अण्णा, तुम्ही वडीगोद्रीचे. जा, ह्या हंगामाची चांगली वाळलेली पऱ्हाटी घेऊन या." आता तुम्हीच सांगा, गणपतीत रानात वाळली पऱ्हाटी कुठून यायची? तव्हा झाडाला हिरवी बोंडं असतात. मागच्या सालची पऱ्हाटी उन्हाळ्यातच चुलीत जाती. शेतातल्या कुणालाही हे कळतं. सरांना कळत न्हाई, कारण सर शहरातले. पण मला तर कळत होतं ना! मी म्हणायला पाहिजे होतं की सर, न्हाई मिळायची, फेब्रुवारीपर्यंत थांबा. पण नकार देणं माझ्या जिभेला कव्हा जमलंच न्हाई. "हौ सर, आणतो," म्हणलो अन गेलो.

वडीगोद्रीत आमचं घरकुल मंजूर झाल्तं, म्हणून जुनं घर पाडून राह्यले होते. त्या घराला भिंती न्हाई, कूड होता. आमच्याकडं पऱ्हाट्या उभ्या विणून, त्याच्यावर शेणामातीचा लेप देऊन कूड करतात. तो कूड माझ्या लग्नाच्या साली घातलेला. पंधरा वर्षं उभा. पाडलेल्या कुडाचा ढीग अंगणात पडल्ता. म्या त्यातल्या बऱ्यापैकी काड्या निवडल्या, विळ्यानं खरवडल्या, हापशाखाली धुतल्या, दोन दिवस वाळवल्या अन सरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. वरून कशा स्वच्छ दिसत होत्या! पण आत उधईनं पोखरलेल्या, अन चिरांमधी माती अशी बसलेली की सुईनं निघाली नसती. सर म्हणले, "ताजी हाय ना?" मी म्हणलो, "एकदम ताजी सर. आमच्या भिवाच्या रानातली."

तरी राख वजा केली असती तर बोंब झाली असती, माती उघडी पडली असती. पण त्या साली भट्टीची कॉइल जळाल्ती अन नवी यायला दोन वर्षं लागली. सर म्हणले, राख कितीशी असणार, एखादा टक्का. अन पेपरात ठोकून दिलं, 'राख वजा करून.' म्हंजे चौतीस टक्क्यांत लिग्निन किती, माझ्या घराची माती किती, अन मालननं, माझ्या बायकोनं, लिंपलेलं शेण किती, ते त्या वाटीलाच ठाऊक.

पेपर छापून आला. शेवटी आभारात ओळ होती, नमुना गोळा करण्यासाठी श्री. अण्णासाहेब यांचे आभार. इंग्रजीत. सरांनी स्टाफरूममधी सगळ्यांपुढं वाचून दाखवलं अन माझ्याशी हात मिळवला. सतरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. मालननं ते पान फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलं. माझ्या खानदानात छापील कागदावर नाव आलेला मी पहिला. मंग मी तोंड कसं उघडणार? बसलो मूग गिळून.

तर फेब्रुवारीत अंबरीन डबा उघडता उघडता म्हणली, "अण्णा, सरांच्या पेपरातली पऱ्हाटी तुम्हीच आणल्ती ना? तुमचं नाव वाचलं म्या."

म्या भाकरीचा तुकडा मोडला. "हौ," म्हणलो.

"मंग तेच रान दाखवा मला. तीच जमीन, तोच कोपरा. मला वाटतं माझं सॅम्पलच चुकून राह्यलंय."

तव्हाच सांगायचं होतं. टेबलावर आम्ही दोघंच होतो, तिसरं कुणी न्हाई. एका वाक्याचं काम होतं. पण ती अशा आशेनं माझ्याकडं बघत होती, अन माझ्या डोळ्यापुढं ती फ्रेम. मी म्हणलो, "भिवाचं रान. दाखवतो की."

लोक म्हणतात पहिलं खोटं अवघड असतं. मला तर दुसरं बोलताना लाज वाटली, अन तरी बोललो.

दुसऱ्या दिवशी एसटीनं वडीगोद्रीला गेलो. भिवा माझा चुलतभाऊ. त्याच्या रानात पऱ्हाटी उभीच होती, त्याला अजून उपटायला गडी मिळाले न्हवते. अंबरीननं इचारलं, "अण्णा, नक्की कोणता कोपरा?" अन मी, बेशरम माणूस, चार पावलं चाललो, विहिरीकडं बघून अंदाज घेतल्यासारखं केलं अन बोट दाखवलं. "इथून. लिंबाच्या खालून."

पोरगी उन्हात तीन घंटे वाकली. दर दहाव्या ओळीतलं दहावं झाड. मुळाला चिकटलेली माती दात घासायच्या ब्रशनं काढत होती. भिवा हसला. "काय ओ ताई, पऱ्हाटीचे दात घासता का?" ती पण हसली. म्हणली, "मातीचा एक कण नको मला, भाऊ. एका कणानं आकडा बिघडतो." मी लिंबाखाली बसून हे ऐकलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

परत येताना गाडीत भारा मांडीवर धरून म्हणली, "अण्णा, तुमचे लय उपकार झाले." मी अंबडपर्यंत खिडकीबाहेर बघत राह्यलो. तिला वाटलं मला ऊन लागलं, तिनं आपली पाण्याची बाटली दिली.

त्या भाऱ्यावर तिनं जीव टाकला. तीन वाट्या एकाच येळी लावल्या. दोन घंटे ढवळताना बाथरूमला पण उठली न्हाई. चौथ्या दिवशी तिन्ही वाट्या भट्टीतून निघाल्या, तोलल्या, हिशेब झाला. बावीस पॉइंट सहा. बावीस पॉइंट आठ. तेवीस.

ती वही घेऊन सरांकडं गेली. सर बीएस्सीच्या पोरांचं प्रॅक्टिकल घेऊन राह्यले होते. तीस पोरं समोर. सरांनी वही बघितली अन टेबलावर टाकली.

"अंबरीन, केमिस्ट्री हातात असावी लागते. तुझ्या हातात न्हाई. लाकूड चिरणं वेगळं अन लाकडाचं ॲनालिसिस करणं वेगळं."

पोरं फिदीफिदी हसली. तिनं वही उचलली, माझ्या खोलीत आली, दार लोटलं अन उजवा हात माझ्यापुढं धरला.

"अण्णा, नीट बघा. माझा हात थरथरतो का हो?"

बिलकुल थरथरत न्हवता. अठ्ठावीस वर्षांत एवढा स्थिर हात म्या बघितला न्हाई. आता तरी बोल अण्णा, आता तरी बोल, असं माझं मन म्हणत होतं. अन मी म्हणलो, "थोडा आराम कर बेटा. अशक्तपणा असंल." अशक्तपणा! माझ्या जिभेला काही झालं कसं न्हाई.

घरी येऊन मालनला सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांत तिला पण सांगितलं न्हवतं. ती भाकर थापता थापता थांबली. म्हणली, "म्हंजे ते मढवलेलं नाव आपल्या कुडाचं हाय?"

"हौ."

"अन त्या लेकराला वाटतं तिचा हात खराब?"

"हौ."

तिनं परातीतलं पीठ झटकलं, आतल्या खोलीत गेली अन ती फ्रेम खिळ्यावरून काढून माझ्यापुढं आपटली. "उद्या सांगून या. न्हाई तर ह्या घरात माझ्या हातची भाकर न्हाई."

मालन सरळ माणूस. तिला वाटलं सांगायचं म्हंजे पोरीला सांगायचं. मी शहाणा. मला वाटलं आधी सरांना सांगावं. सही सरांची पाहिजे, म्हंजे मालक सर. एवढी वर्षं हाताखाली काढली की माणसाला खरं बोलायची पण परवानगी लागती.

सरांच्या केबिनमधी गेलो, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कूड, माती, गणपती. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मला वाटलं आता चिडतील, ओरडतील. न्हाई. उठले, दार लावलं अन मला खुर्ची दिली. खुर्ची दिली तव्हाच मला भ्या वाटलं.

"अजून कुणाला सांगितलं?"

"कुणाला न्हाई सर."

"तुम्ही अकरा वर्षांपूर्वी मला खोटं सांगितलं, अण्णासाहेब. लेखी चौकशी लागली तर पहिलं नाव कुणाचं येईल? नमुना गोळा करणाऱ्याचं. पेपरात तुमचं नाव हाय. तुम्हाला रिटायर व्हायला किती राह्यले?"

"चौदा महिने."

"मंग शांततेत काढा की," सर म्हणले. गोड आवाजात. "अन त्या पोरीला तर बिलकुल सांगू नका. बिचारी गोंधळून जाईल. तिचं मी बघतो."

'तिचं मी बघतो.' ह्या तीन शब्दांवर मी भरवसा ठेवला. खोटं कशाला बोलू, भरवसा न्हाई, आडोसा मिळाला. मालनला सांगितलं की सरांच्या कानावर घातलं, सर बघतो म्हणले, आता पोरीचं काम होतंय. तिनं माझ्याकडं दोन मिनिटं बघितलं अन भाकर वाढली. पण फ्रेम परत लावली न्हाई.

पुढचे तीन आठवडे अंबरीनच्या वाट्या धुवायला आल्याच न्हाईत.

ती लॅबमधी यायची, संगणकापुढं बसायची, टाईप करायची. अल्कोहोल मागितलं न्हाई, ॲसिड मागितलं न्हाई. तिच्या क्रुसिबल कपाटात उलट्या घालून ठेवलेल्या, जाळी पांढरीशुभ्र. दुपारी डबा घेऊन पण आली न्हाई, अंग बरं न्हाई म्हणायची. मला कळायला पाहिजे होतं असं म्हणणं पण लबाडीच हाय. मला पहिल्याच दिवशी कळलं. धुणाऱ्याला न्हाई कळणार तर कुणाला? पण मी रोज कपाट उघडायचो, त्या कोरड्या वाट्या बघायचो अन दार लावायचो. म्हणायचो, सर बघतो म्हणलेत. बघत असतील.

मार्चच्या अठ्ठावीसला ती पेढ्याचा पुडा घेऊन आली. "अण्णा, प्रबंध गेला. काल सरांनी सही केली." हातात काळ्या बांधणीचा एक गठ्ठा होता. म्या तिच्या हातातून घेतला. इंग्रजी मला वाचता येतं थोडं, अन आकडे तर येतातच. पऱ्हाटीचं कोष्टक काढलं. तीन वाट्या. तेहतीस पॉइंट नऊ. चौतीस पॉइंट दोन. चौतीस पॉइंट पाच.

"हे कव्हा काढलं?" म्या इचारलं.

ती मंग हळूच म्हणली, "तुम्हाला ठाऊक हाय अण्णा, कव्हा काढलं ते. वाट्या तुम्हीच धुता."

माझ्याच्यानं राहवलं न्हाई. एवढे दिवस जे तोंडात अडकलं होतं ते एका दमात बाहेर पडलं. कूड, विळा, हापसा, भट्टीची कॉइल, भिवाचं रान. सगळं. बोलताना मी तिच्याकडं बघत न्हवतो, पेढ्याच्या पुड्याच्या दोऱ्याकडं बघत होतो. बोलून झालं तव्हा मला खरंच हलकं वाटलं. माणूस किती नीच असतो बघा, मला हलकं वाटलं.

अंबरीन खाली बसली. खुर्चीवर न्हाई, स्टुलावर, वाट्या धुवायच्या बेसिनपाशी.

"म्हंजे माझा हात बराबर होता?"

"बिलकुल बराबर होता."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"अन तुम्हाला ठाऊक होतं? पहिल्या दिवसापासून?"

मी मान हलवली. तिनं तोंडावर ओढणी घेतली. मला वाटलं रडती. न्हाई, हसत होती. आवाज न करता. मंग ओढणी खाली केली, तव्हा चेहरा असा कोरडा होता की मला तिची ओळख पटंना.

"मी स्वतःवर शक घेतला अण्णा. डोळे तपासून आले. मेंदूच्या डॉक्टरकडं गेल्ते, अब्बाला न सांगता, हाताला काही झालं का म्हणून. रोज नमाजला बसले की दुआ काय मागायची? माझ्या हाताला ठीक कर."

"मी आत्ता लिहून देतो," मी म्हणलो. "माझ्या सहीनं देतो. विद्यापीठाला देतो. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. तुझे तेवीसच खरे, अकरा येळा काढलेले, वहीत हाईत."

"अन प्रबंधात काय हाय?"

म्या तो काळा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"प्रबंधात चौतीस हाय. माझ्या सहीनं. 'हे काम मी स्वतः केलं' म्हणून शपथेवर सही हाय. सरांची चूक जुनी हाय अण्णा. ते म्हणतील अण्णांनी फसवलं. तुमची चूक निघाली तर तुम्ही म्हणाल, मी अडाणी, मला काय कळतं. माझं काय? म्या तर आकडे बनवले. तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही बोलले असते तर मी खरी होते. आता तुम्ही खरं बोलले की मी चोर."

मी काही बोलायला गेलो. तिनं हात वर केला, तोच हात.

"कुणाला सांगू नका. तुम्हाला गप्प राहायची सवय हाय. अजून थोडं राहा."

मंग ती कपाटाकडं गेली. खालच्या खणात तिच्या पऱ्हाटीच्या उरलेल्या पिशव्या होत्या. आष्टी, परतूर, वडीगोद्री. बाहेरचा परीक्षक नमुने बघायला मागतो कधी कधी, अन एखादा खमक्या असला तर चिमूटभर घेऊन जातो, तपासतो. तिनं एक एक चिठ्ठी सोडवली, फाडली, अन पिशव्या माझ्यापुढं ठेवल्या.

"ह्या जाळून टाका."

लॅबच्या मागं, जिथं आम्ही फुटकी काच टाकतो, तिथं भर दुपारी म्या त्या जाळल्या. चांगली वाळलेली, घासूनपुसून ठेवलेली काडी. काडीपेटीची एकच काडी लागली. पाच मिनिटांत सगळं खलास. कुणी इचारलं असतं तर सांगणार होतो, कचरा हाय.

जूनमधी तोंडी परीक्षा झाली. परीक्षक बाहेरचे, पिकलेल्या केसांचे, हुशार माणूस दिसत होते. मी मागं चहाचे कप घेऊन उभा. अंबरीननं बाभूळ सांगितली, तुराटी सांगितली, मोसंबी सांगितली, फाडफाड बोलली. मंग परीक्षकांनी चष्मा वर केला.

"पऱ्हाटीत चौतीस टक्के? बाकी लोकांना तेवीस-चोवीसच सापडतो. तुमच्याकडंच का?"

वायाळ सरांनी पेन हातात घट्ट धरला. मी कप खाली ठेवले. अंबरीननं एक क्षण पण घेतला न्हाई.

"सर, आमची जमीन काळी, पाऊस कमी. पाण्याचा ताण पडला की झाड स्वतःला जास्त घट्ट करतं."

"व्वा," परीक्षक म्हणले. "ह्याच्यावर पुढं काम करा." अन कागदावर काहीतरी चांगलं लिहिलं. सगळ्यात आधी टाळी वायाळ सरांनी वाजवली.

बाहेर व्हरांड्यात फकरोद्दीनभाई इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून, पेढ्याचा पुडा घेऊन उभा होता. त्याला आत बसायला कुणी न्हाई म्हणलं न्हवतं, तोच बसला न्हाई. लेक बाहेर आली तशी त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला अन सरळ माझ्याकडं आला, गळ्यात पडला. कुर्त्याला अत्तर लावल्तं त्यानं.

"अण्णाजी, तुमारा एहसान मय भूलूंगा नय. बच्ची घर में हमेशा बोलती थी, पूरे कॉलेज में एक अण्णाच हय, जो मेरे कू सच्ची बात बताते."

अंबरीन त्याच्या शेजारीच उभी होती. फकरोद्दीनभाईनं पुड्यातला पेढा काढला अन माझ्या तोंडापुढं धरला. ती माझ्याकडं बघत होती, मी काय करतो ते.

म्या तोंड उघडलं अन पेढा खाल्ला.